क्रूस लहान होतोय

विल्यासोल, २४ मार्च १९९६

प्रिय ओतिलियामावशी,

हे पत्र आणि सोबतची कॅसेट बसवाल्या सेगुंदोकडे देतोय. कॅसेट त्याच्या सीटखाली ठेवू देऊ नकोस, गेल्या वेळी चीजवर तो स्वतःच बसला होता. शाळेतल्या टीव्हीवर लाव आणि बाबांना पुढच्या बाकावर बसव. त्यांना माझं काम अजून समजलेलं नाही. गेल्या नाताळात ते सगळ्यांना सांगत होते की लिसार्दो शहरात दगड मोजतो.

आता नीट सांगतो. भूकंपानंतर बारिगोन डोंगराचं पोट फुगायला लागलं, तेव्हा आमच्या ऑफिसच्या माणसांनी त्यावर पांढरे रंगवलेले दगड बसवले, आठवतंय ना? दर पंधरा दिवसांनी त्या दगडांच्या जागा मोजून येतात. मी त्या मापांवरून कॉम्प्युटरवर डोंगराच्या पोटाचं मॉडेल बनवतो. पाटीवर ठिपके जोडून जाळं काढावं तसं, फक्त ते सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येतं. गेल्या मे महिन्यापासून अशी बावीस मॉडेलं झालीत. परदेशातल्या एका विद्यापीठाकडून आम्हाला एक प्रोग्रॅम मिळालाय. तो ही मॉडेलं ओळीने, एकामागून एक दाखवतो. सिनेमाच म्हण. पुढे न्या, मागे न्या, सावकाश चालवा. अकरा महिन्यांचा डोंगर अर्ध्या मिनिटात.

आणि त्या अर्ध्या मिनिटात बारिगोन जागचा हलत नाही. बघालच. भूकंपात फुगला तेवढा फुगला, नंतर आहे तसा आहे. आमचे साहेब, इंजिनियर मोंकायो, यांनी तसा अहवालही लिहिलाय. तेव्हा तीन मेच्या क्रूसाच्या सणाची तयारी बिनधास्त कर. यंदाची यजमानीण माझी मावशी आहे, सण दणक्यात व्हायला हवा.

तुझा,
लिसार्दो

ता. क. उजव्या कडेला खुंटीसारखं काही दिसेल, तो आपला क्रूस आहे. बाबांना मुद्दाम दाखव.

*

एल तांबिल्यो, २ एप्रिल १९९६

लिसार्दो लेका,

कॅसेट धड पोचली. सेगुंदो सांगत होता की त्याने ती मांडीवर घेऊन आणली. मांडी केवढी ते तुला माहीतच आहे.

झावळ्यांच्या रविवारी मिस्सा झाल्यावर सगळी वाडी शाळेत जमली. बाईंनी टीव्ही लावला. तुझा बाप हॅट काढून पुढे बसला, बिशप यायचे असल्यासारखा. तीन वेळा बघितला. हिरव्या रेघांचा डोंगर, आपला तोच ढेरपोट्या, हुबेहूब. लोकांच्या जिवात जीव आला. सोलेदादने तर तिथल्या तिथे ठरवलं की मुलीचं लग्न आता पुढे ढकलायचं नाही. तुझा बाप बाहेर येऊन म्हणाला, "माझ्या पोराने डोंगराला खिळा मारून बसवलंय." तेव्हापासून रोज दुपारी शाळेत जातो आणि बाईंना कॅसेट लावायला लावतो. उपासाच्या चाळीस दिवसांत त्याने पालोमाला विकलं हे तुला कळवलं होतंच. आता गोठ्यात काही नाही, म्हणून माणसाला वेळच वेळ आहे.

मी मात्र तुला एक विचारणार आहे आणि तू हसायचं नाहीस. तू क्रूस लहान का केलास?

सिनेमा सुरू होतो तेव्हा तो मोठा आहे. संपतो तेव्हा लहान. मी तीनदा बघितलं, तीनदा तसंच. तो क्रूस माझ्या बापाने घडवलाय. नऊ हात उंच आहे, लाकूड सेदारचं. दर वर्षी सणाच्या आधी खाली आणताना माझ्या खांद्यावरून गेलाय. तो लहान होत नाही.

आणखी एक. खालच्या झऱ्याचं पाणी कोमट लागतंय. पिंजऱ्यातले खायला पाळलेले चार कुय एका आठवड्यात मेले. बाकी ठीक.

ओतिलिया

*

विल्यासोल, ९ एप्रिल १९९६

मावशी,

हसलो नाही, पण खरं सांगू, थोडा राग आला. अकरा महिन्यांचं काम बघून तुला खुंटी तेवढी दिसली.

त्या क्रूसापायी मी बोलणी खाल्लीत. मोंकायो मला म्हणाले होते, "बोतिना, हा कचरा काढून टाक, आपल्याला डोंगराशी काम आहे, देवळाशी नाही." प्रत्येक मॉडेलमधून तो पुसायला दोन मिनिटं लागतात. मी पुसला नाही. तुम्ही बघाल आणि ओळखाल म्हणून ठेवला. आणि तू म्हणतेस मी लहान केला.

हे बघ, कॅसेट बनवताना मी कॉम्प्युटरच्या पडद्यापुढे व्हिडिओ कॅमेरा ठेवला होता. तो हळूहळू सरकला असेल. टेबल डुगडुगतं आमचं. किंवा शाळेचा टीव्ही, त्यावर तर फुटबॉलचा चेंडूही अंड्यासारखा दिसतो. यापेक्षा जास्त काही नाही.

पाण्याचं मोंकायोंना सांगितलं. ते म्हणाले, झऱ्यांचं असं होतं भूकंपानंतर. कुय का मेले ते त्यांना माहीत नाही, मलाही नाही. चारा बदलून बघ.

बाबांना म्हणावं कॅसेट झिजेल.

लिसार्दो

*

एल तांबिल्यो, १४ एप्रिल १९९६

लिसार्दो,

रागावलास तर रागाव. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि तेव्हाही रागावलास की तीन दिवस जेवायचा नाहीस. मला सवय आहे.

तुझं पत्र घेऊन शाळेत गेले. कॅमेरा सरकला म्हणतोस. सरकून मागे गेला असता तर डोंगरही लहान दिसायला हवा होता, एकटा क्रूस कसा? डोंगर तसाच आहे, काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी बाईंना सिनेमा सुरुवातीला थांबवायला सांगितला आणि विणकामाची लाल लोकर काचेवर धरून क्रूसाएवढी कापली. मग शेवटाला थांबवून निळी कापली. दोन्ही तुकडे पाकिटात घातलेत. तुमच्याकडे एवढी यंत्रं आहेत, एखादी पट्टीही असेल. मोजून बघ.

तुझा बाप मागे उभा राहून हसत होता. "ओतिलिया, पोराच्या कॉम्प्युटरला तू लोकरीने शिकवणार?" मी म्हटलं, तुझ्या पोराला चालायला कोणी शिकवलं? त्यावर हॅट डोक्यावर ठेवून निघाला. पण बाहेर जाऊन चार जणांना सांगितलंच.

लेका, मी शिकलेली नाही. पण एक गोष्ट कळते. मुलाचा फोटो काढणारा त्याला दर वर्षी कागदाच्या काठापर्यंत आणत असेल, तर पोर वाढलं हे फोटोवरून कळणार नाही. हातातल्या चेंडूवरून कळेल. चेंडू लहान दिसायला लागेल.

क्रूस लहान होत नसेल, तर मग काय मोठं होतंय ते तू मला सांग.

इथे सलग नऊ दिवस पाऊस आहे. धुक्यामुळे बारिगोन दिसतच नाही. वास मात्र येतो, सडक्या अंड्याचा. तीन मेला क्रूस परत बसवायला मी एकशे नव्वद माणसं त्याच्या पायथ्यावरून वर नेणार आहे. मला उत्तर हवं आणि ते मोंकायोचं नको, तुझं हवं.

ओतिलिया

*

विल्यासोल, १८ एप्रिल १९९६

मावशी,

हे पत्र मिळताच सगळ्यांना घेऊन नदीपलीकडे सान रामोनला जा. आधी जा, पुढचं तिथे बसून वाच.

तुझी लोकर मोजली. लाल सहा सेंटिमीटर, निळी पाच. प्रोग्रॅमला एक खोड आहे. मॉडेल पडद्याच्या चौकटीत नीट मावावं म्हणून तो प्रत्येकाला लहानमोठं करून घेतो. एकेकाला वेगवेगळं. वाढलेल्या मॉडेलला आवळतो आणि चौकटीत बसवतो. म्हणून डोंगर कायम तेवढाच दिसतो. जे खरोखर तेवढंच राहिलंय तेच लहान होत जातं. सगळ्या मॉडेलांना एकच माप लावायचं बटण आहे. ते मी दाबलं नव्हतं. आता दाबलंय. मावशी, तो श्वास घेतल्यासारखा पुढे येतो. तीनशे मीटरचं पोट तीनशे साठचं झालंय आणि निम्म्याहून जास्त वाढ शेवटच्या पाच मॉडेलांत आहे.

आकडे वहीत होते. माझ्याच अक्षरात. पण डोळ्यांपुढे सिनेमा चालू असताना वही कोण उघडतो?

सोळाला दुपारी हे मला कळलं. मोंकायो राजधानीत होते आणि त्यांच्या सहीशिवाय गाव हलवायला सांगता येत नाही. मी वाट पाहिली. आज सकाळी ते आले, बघितलं, खुर्चीत बसले आणि सही केली. तुमच्या टेलिफोनच्या खोलीत घंटा वाजते, कोणी उचलत नाही. नंतर घंटाही वाजेना. सेगुंदो म्हणतो पुलापर्यंत बस जाईल, पुढे चिखल आहे, तो चालत नेईल.

बाबांना सांग मी चुकलो. याच शब्दांत सांग.

लिसार्दो

*

सान रामोन, २० एप्रिल १९९६

लिसार्दो,

तुझं उत्तर आलं नाही. माझं पत्र तुला मिळालं की नाही तेही कळत नाही. हे कधी पोचेल देव जाणे.

मी क्रूस खाली आणला.

वाडीत मी बुधवारी सांगितलं की निघा, डोंगर वाढतोय. कोणी ऐकलं नाही. का ऐकतील? ऑफिसचा कागद आहे, तुझा सिनेमा आहे, आणि दुसऱ्या बाजूला काय, तर ओतिलियाची लोकर. सोलेदाद म्हणाली, "यजमानीण झालीस म्हणून डोंगराचीही यजमानीण झालीस का?" तेव्हा मला सुचलं. यंदाची यजमानीण मीच ना? मग क्रूस कधी उतरवायचा आणि कोणाच्या घरी ठेवायचा हे मी ठरवणार. तो माझा हक्क आहे, पाद्रीसुद्धा मधे बोलत नाही. त्याच दुपारी सहा जणांना घेऊन वर गेले आणि क्रूस उतरवला. पायाशी बोटभर रुंद भेग पडली होती, त्यातून वाफ येत होती. ती बघून त्या सहा जणांनी पुढे काही विचारलं नाही. मी वाडीत जाहीर केलं की यंदा क्रूस सान रामोनला माझ्या कोमाद्रेच्या, मानलेल्या बहिणीच्या घरी राहील. आजपासून.

सोळा दिवस आधी! काय शिव्या खाल्ल्या मी. पण तुला ठाऊक आहे, उतरवलेला क्रूस एकटा ठेवत नाहीत. प्रत्येक घरातला माणूस त्याच्यापाशी हवा, आणि जिथे क्रूस तिथे चूल. सरकारच्या कागदाने जे हलले नसते ते क्रूसामागे मुकाट निघाले. कोंबड्या, पातेली, म्हाताऱ्या, सगळं लटांबर. नदी ओलांडायला दोन दिवस लागले. त्रेचाळीस घरं आलीत. इथे चर्चमध्ये, गोठ्यांत, जिथे जागा मिळेल तिथे पथाऱ्या आहेत. सगळे माझ्या नावाने बोटं मोडतायत आणि माझ्याच मक्याच्या मोटेचं सूप पितायत.

तुझा बाप आला नाही. उद्या पहाटे मी परत जाऊन त्याला आणते. कान धरून आणीन.

ओतिलिया

*

पुलाजवळून, २३ एप्रिल १९९६

मावशी,

पूल नाही. सैनिक कोणाला पलीकडे सोडत नाहीत. रविवारी सकाळी सात वाजता बारिगोन खाली आला असं सांगतात. इथून फक्त राखाडी चिखल दिसतो, वाडी होती तिथपर्यंत. सेगुंदो माझं पत्र घेऊन पलीकडेच वाटेत अडकला, पण तो जिवंत आहे.

दोरीवरून डबा पलीकडे पाठवतायत, त्यात ही चिठ्ठी घालतोय. तुम्ही कुठे आहात? कोण कोण आहे? बाबा कुठे आहेत? एक शब्द लिही.

लिसार्दो

*

सान रामोन, २४ एप्रिल १९९६

लिसार्दो,

मी आहे. त्रेचाळीस घरं आहेत, त्यांतला एकही माणूस कमी नाही. तुझं अठराचं पत्र काल सेगुंदोने दिलं, भिजलेलं, पण वाचता आलं.

तुझा बाप गेला. आला होता आमच्याबरोबर, पण शनिवारी संध्याकाळी गाईसाठी मागे फिरला. मी रविवारी निघाले ती अर्ध्या वाटेवर होते. आवाज ऐकला. पुढे वाट नव्हती.

पाद्रींनी प्रार्थना म्हटली. तू स्वतःला जप. खात जा काहीतरी.

मावशी

*

विल्यासोल, १२ मे १९९६

प्रिय मावशी,

पूल परवा झाला. बस सुरू आहे. मी येऊ शकत नाही असं नाही. धीर होत नाही.

तीन मेचा सण सान रामोनला झाला असं सेगुंदो म्हणाला. तू सगळ्यांना मक्याचं गोड चांपुस पाजलंस आणि स्वतः एका कोपऱ्यात बसून होतीस, असंही म्हणाला.

मी रोज तो सिनेमा चालवतो. आता एकाच मापात. क्रूस जागेवर उभा राहतो, तेवढाच, नऊ हातांचा, आणि डोंगर त्याच्याकडे वाढत येतो. मोंकायो म्हणतात, आता बंद कर. मी बाविसाव्या मॉडेलपर्यंत जातो आणि परत पहिल्यावर येतो. पहिल्यावर सगळं ठीक असतं.

मावशी, तू लिहिलंस बाबा गाईसाठी मागे फिरले. पालोमाला त्यांनी उपासाच्या दिवसांत विकलं. तूच कळवलं होतंस, दोनदा. त्यांच्या गोठ्यात गाय नव्हती.

आणि वीस तारखेच्या पत्रात तू लिहिलंस की बाबा आले नाहीत. चोवीसच्या पत्रात लिहिलंस की आले होते आणि मागे फिरले. मी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचलीत. या महिन्यात मी तेवढंच शिकलोय.

दोन गोष्टी विचारतो. बाबा का आले नाहीत? आणि सतरा तारखेला बस वाडीत आली होती का? सोळाला कळल्याबरोबर सहीची वाट न बघता मी पत्र दिलं असतं, तर त्या बसने ते पोचलं असतं का?

मला सांभाळून घेऊ नकोस. मी मोठा झालोय.

लिसार्दो

*

सान रामोन, १९ मे १९९६

लिसार्दो लेका,

तुझं पत्र पाच दिवस एप्रनच्या खिशात घेऊन फिरले. खोटं बोलले ते तुझ्यासाठी. आणि बोलताही आलं नाही, गाय मधे आणली. हात दाखवून अवलक्षण. आता विचारलंस, तर ऐक.

तुझा बाप घरातून निघालाच नाही. शुक्रवारी सगळे निघाल्यावर मी त्याच्या दारात गेले. तो अंगणात बसून मक्याचे दाणे सोडवत होता. मी म्हटलं, तेओदुलो, ऊठ. तो म्हणाला, "माझ्या पोराच्या सिनेमात डोंगर हलत नाही. मी उठून गेलो तर लोक म्हणतील, बापाचाच पोरावर विश्वास नाही." मी भांडले, रडले, त्याची हॅट उचलून चालू लागले की हॅटसाठी तरी मागे येईल. आला नाही. वाडीत एकटा राहिला, तुझ्या अब्रूची राखण करत. हॅट माझ्याकडे आहे.

सतराला बस आली होती. शेवटची तीच. तुझं पत्र त्यात असतं तर तो आला असता. माझं ऐकलं नाही, पण तुझं ऐकलं असतं. हे मला लिहायचं नव्हतं, पण तू म्हणालास सांभाळून घेऊ नकोस.

आता माझंही ऐक, कारण तू अर्धंच मोजतोस. त्या मोंकायोने तुला क्रूस पुसायला सांगितला होता. दोन मिनिटांचं काम होतं. तू पुसला नाहीस. का, तर आम्ही ओळखावा, तुझ्या बापाला बरं वाटावं म्हणून. तू तो पुसला असतास तर सिनेमात नुसता डोंगर असता, आणि नुसत्या डोंगराकडे बघून मला काय कळणार होतं? तीन मेला, नाहीतर त्या रविवारीच, एकशे नव्वद माणसं त्याच्याखाली गेली असती. मीही. सोलेदादच्या मुलीचं लग्न परवा झालं. ती नाचत होती तेव्हा मी हेच मोजत होते. तुझ्या त्याच सिनेमाने बापाला नेलं आणि त्याच सिनेमाने आम्हाला ठेवलं. यातलं एक धरून दुसरं सोडायचं नाही. मी तुला तसं वाढवलेलं नाही.

तुझा मला राग आला का? आला. एक रात्रभर आला. सकाळी तुझ्या बापाची हॅट झटकून खुंटीला लावली आणि राग गेला.

तो सिनेमा आता पुरे कर. लोकर असेल तर परत आण, लाल लोकर मला कमी पडतेय.

क्रूस अजून चर्चच्या भिंतीला टेकवून ठेवलाय. आम्हाला इथे नदीच्या वरच्या बाजूला जमीन देतायत, टेकडी लहान आहे पण खडक पक्का आहे असं तुझ्या ऑफिसच्या लोकांनी सांगितलं. त्यांना मी त्यांची वही काढून दाखवायला लावली. येत्या रविवारी क्रूस उभा करायचाय. दर वर्षी त्याचा खड्डा तुझा बाप खणायचा, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही.

शनिवारच्या बसने ये. आम्हाला एक माणूस कमी पडतोय.

तुझी,
मावशी